कोटाची खुर्ची

(इंडियाना राज्यातलं दगडखाणींचं एक गाव. मे महिन्यातली सकाळ. मॅव्हिसच्या खानावळीत काउंटरपाशी दोघे बसले आहेत : मॅव्हिसचा थोरला भाऊ डेल आणि निवृत्त पोस्टमन व्हर्न. गावच्या हॉलिस कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला गावात सगळे ‘पाथरवट’ म्हणतात.)

डेल : सात फूट एक इंच! व्हर्न, या दारातून त्याला वाकून यावं लागेल, वाकून! तीन वर्षं घसा कोरडा करतोय मी. बास्केटखाली उभा राहील असा एक माणूस आणा म्हणून. एकच! शेवटी देवाने ऐकलं.

व्हर्न : देवाने नाही, प्रशिक्षकाने. आणि मोजताना त्याच्या पायात बूट होते का, ते पेपरात कुठे लिहिलेलं नाही.

डेल : तू जन्मभर पाकिटं वाटलीस ना, म्हणून चांगली बातमी आली तरी आधी वर तिकीट कमी आहे का ते बघतोस.

व्हर्न : तिकीट बघावंच लागतं. दहा फ्री थ्रोपैकी चार जातात त्याचे. चार! समोर कोणी अडवायला नसताना. माझी आत्या याहून बरी टाकायची, आणि तिला मोतीबिंदू होता.

डेल : अरे, पण हुकलेला चेंडू! मागच्या वर्षी आपण हरलो कशामुळे? चेंडू कडीला लागून उसळला की दर वेळी त्यांच्या हातात. आपली पोरं खाली उभी राहून वर बघतायत, आकाशातून विमान चाललंय जसं. आता हा नुसता हात वर करेल, उडीही मारायला नको.

व्हर्न : आणि त्याच्यापर्यंत चेंडू नेणार कोण? ग्रेडी गेला सोडून शिकागोला. पाहुणा जेवायला बसलाय आणि वाढायलाच कोणी नाही, अशी गत. मी म्हणतो, उंच माणूस नंतर आणा, आधी चेंडू हाताळणारा आणा.

डेल : तू म्हणतोस! तुला विचारतो कोण? मॅव्हिस, ऐकतेस का याचं?

मॅव्हिस : ऐकतेय. जरा कोपर उचल, काउंटर पुसायचाय.

डेल : आत्ताच तर पुसलास.

मॅव्हिस : मग परत पुसतेय.

व्हर्न : बरं, हंगामाच्या तिकिटांचं काय करतोस? बाराव्या भागात तुझ्या दोन खुर्च्या आहेत. आर्डिथला जाऊन आता तीन वर्षं झाली. ती दुसरी मला दे की. मी वर छताला टेकून बसतो, खाली खेळाडू दिसतात की मुंग्या, कळत नाही.

डेल : तिथे माझा कोट असतो.

व्हर्न : कोटाला काय कळतं खेळातलं?

डेल : तुझ्याहून जास्त. निदान गप्प बसतो.

व्हर्न : बायकोच्या खुर्चीवर कोट ठेवून कोणी—

डेल : व्हर्न, तो विषय नको. मॅव्हिस, कॉफी देतेस का? अर्धा तास झाला बसून. याला दोनदा दिलीस.

मॅव्हिस : किटली तिथे आहे.

डेल : कुठे?

मॅव्हिस : जिथे एकोणीस वर्षं आहे तिथे.

डेल : हिचं काय बिनसलंय आज? पुडिंग करपलं का?

व्हर्न : तू तिचा भाऊ, मला काय विचारतोस? मी आपला यादी करतोय. यंदापासून नवा नियम आलाय ना, संघात पंधरा म्हणजे पंधरा. एकही जास्त नाही. तो रुमाल इकडे सरकव.

डेल : हा घे. कागदाचा आहे, पेन दाबून लिहू नको, फाटेल.

व्हर्न : शिष्यवृत्तीवाले तेरा, त्यात हा लांबोडा धरून. मग आपल्याच खर्चाने खेळणारी पोरं. ओवेन्सचा मुलगा, चौदा. तो लाल केसांचा पिअर्स, पंधरा. आपल्या मॅव्हिसचा कोल्बी, सोळा. हं. एक जास्त होतोय.

डेल : पुन्हा मोज. तुला मोजता कुठे येतं!

व्हर्न : चाळीस वर्षं मोजूनच वाटलीत पत्रं. तेरा, ओवेन्स, पिअर्स, को—

मॅव्हिस : पुन्हा नको मोजूस, व्हर्न. पंधराच आहेत.

व्हर्न : अगं सोळा होतात, हे बघ ना.

मॅव्हिस : तू कोल्बीला धरलंस.

डेल : मग? कोल्बीला का नाही धरायचं?

मॅव्हिस : शुक्रवारी प्रशिक्षकाने बोलावलं होतं त्याला. दार लावून बस म्हणाला. दार लावून बस म्हणाला तेव्हाच कळलं, म्हणतो.

डेल : नाही. हे नाही होऊ शकत. शेवटचं वर्ष आहे त्याचं! तीन वर्षं पहाटे पाचला उठून त्या थंड व्यायामशाळेत गेलाय पोरगा! स्वतःची फी भरून! आणि मला आज, सोमवारी कळतंय?

व्हर्न : मॅव्हिस, मला खरंच ठाऊक नव्हतं. नाहीतर मी हा रुमाल काढलाच नसता.

मॅव्हिस : तुझं काही चुकलं नाही. चेरी-पाय पिणार का— हे बघ, काय बोलतेय ते मलाच कळत नाहीये. खाणार का, विचारत होते. ताजा आहे.

व्हर्न : नको. बरं, दे. लहान तुकडा.

डेल : पाय कसला खातोस! तीन वर्षांत चौदा मिनिटं खेळवलं त्याला, चौदा! मी मोजलीत. एकच बास्केट केली त्याने, पण ती कशी? कोपऱ्यातून! सगळं सभागृह उभं राहिलं होतं. तो प्रशिक्षक गाढव आहे, डोक्यात दगडाचा भुसा भरलाय त्याच्या. थांब, आत्ताच्या आत्ता फोन लावतो मी त्याला.

मॅव्हिस : कुठल्या नावाने?

डेल : काय?

मॅव्हिस : फोन. कुठल्या नावाने लावणार? डेल म्हणून, की एल्क क्रीकचा हँक म्हणून?

व्हर्न : थांबा. तो हँक? मार्चमध्ये रेडिओवर, प्रशिक्षकाच्या कार्यक्रमात फोन केलेला? तो तू होतास?

डेल : महिन्यातून एकदाच फोन घेतात एका माणसाचा. माझा झाला होता.

व्हर्न : म्हणून नाव बदललंस!

डेल : सगळेच बदलतात. तूही एकदा ‘एक त्रस्त नागरिक’ झाला होतास.

मॅव्हिस : काय बोललास ते आठवतंय का? का मी सांगू? कोल्बीने मला शब्दन् शब्द सांगितलंय.

डेल : मी उंच माणूस आणा म्हणालो. एवढंच.

मॅव्हिस : ‘बाकाच्या टोकाला ती पोरं बसवलीयेत, त्यांचं काम काय? टॉवेल फिरवणं! टॉवेल फिरवायला खुंटी चालते. काढा त्यांना आणि तिथे एक ताडमाड गडी आणून बसवा.’ असं म्हणालास. लोक हसले. प्रशिक्षकही हसला.

डेल : मी कोल्बीबद्दल नव्हतो बोलत!

मॅव्हिस : बाकाच्या टोकाला आणखी कोण बसतं, डेल?

डेल : अगं, तो माझ्या डोक्यातच नव्हता! बाकाच्या टोकाला पोरं बसतात. आणि कोल्बी म्हणजे... कोल्बी म्हणजे काय नुसता बाकाचं टोक आहे? कोल्बी कोल्बी आहे! गॅरेजवर ती कडी कोणी ठोकली त्याच्यासाठी? बर्फ फावड्याने काढून कोणी चेंडू परत टाकले त्याला, बोटं सुजेपर्यंत?

मॅव्हिस : तूच. म्हणून तर.

व्हर्न : त्याने ओळखलं कसं? मी तर ओळखलं नाही, आणि मी याची बडबड रोज ऐकतो.

मॅव्हिस : तोंडात लिंबाची गोळी धरून बोलत होता ना हा, म्हणून. पण मागे आर्डिथचं घड्याळ वाजलं. सव्वासात वाजता सात ठोके देणारं घड्याळ गावात दुसरं कोणाचं आहे?

डेल : ते मी मुद्दाम नीट करत नाही.

मॅव्हिस : ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे.

डेल : माझ्यामुळे गेला का तो? खरं सांग. प्रशिक्षक काय म्हणाला?

मॅव्हिस : यादी फेब्रुवारीतच ठरली होती म्हणाला. तुझ्या फोनने काही झालं नाही. आता बरं वाटलं?

डेल : नाही.

मॅव्हिस : मलाही नाही. मला संघाचं काही नाही रे. तो कधी फार खेळणार नव्हता, हे आईलाही कळतं. पण आपल्या गावातल्या शेवटच्या सामन्याला शेवटच्या वर्षाची मुलं आईला हाताला धरून मैदानाच्या मधोमध नेतात ना. माइकवर नाव घेतात आईचं. मी त्यासाठी निळा ड्रेस शिवून ठेवलाय. कपाटात आहे. आता चर्चला घालीन कधीतरी.

व्हर्न : मी जरा बाहेर उभा राहू का?

मॅव्हिस : बस. पाय संपव.

डेल : त्याला भेटून येतो मी. कुठे आहे तो?

मॅव्हिस : काय सांगशील?

डेल : काय सांगू? सांगेन, तुझा मामा मूर्ख आहे म्हणून.

मॅव्हिस : हे ऐकून त्याला नवल वाटणार नाही, त्याला ते जुनं आहे. आणि तुला एक सांगू? रागावला नाही तो. मी रागावलेय. तो म्हणाला, ‘आई, मामाचं बरोबरच होतं. आपल्याला उंच माणूस हवाच होता.’

डेल : असं म्हणू नये त्याने.

मॅव्हिस : म्हणाला. वर म्हणाला, मामाला सांगू नकोस मला कळलं ते, हंगामभर तोंड लपवत फिरेल.

डेल : आणि तू सांगितलंस.

मॅव्हिस : मी त्याची आई आहे. तो मोठ्या मनाचा असेल, मी नाही.

डेल : मी यंदा तिकिटं घेत नाही. झालं. व्हर्न, दोन्ही खुर्च्या तुला. पाथरवट गेले खड्ड्यात.

व्हर्न : मला नकोत अशा.

मॅव्हिस : तिकिटं घ्यायची, डेल. घ्यावीच लागतील.

डेल : कशाला? तो सात फुटी मनुष्य बघायला? माझ्याच्याने टाळी वाजणार नाही.

मॅव्हिस : आतापर्यंत कोल्बी बाकावर बसायचा. यंदा बसायला जागा नाही त्याला. काल रात्रीच्या जेवणानंतर भांडी पुसत होता, पुसता पुसता विचारत होता, मामाच्या शेजारची खुर्ची मोकळी असेल का म्हणून.

डेल : तिथे... तिथे माझा कोट असतो.

मॅव्हिस : मी तेच म्हटलं त्याला.

डेल : मग?

मॅव्हिस : म्हणाला, कोट मी मांडीवर घेईन.