चाल तेवढी ऐकू येते

"हॅलो? …हां, बोल. कुठे पोचलीस? …कुठे आहेस म्हटलं. …घरी? अगं, घरी काय करतेयस तू?"

स्टुडिओतल्या बाकांवरची सगळी माणसं तिच्याकडे बघायला लागली. ती उठली, गाणाऱ्यांसाठी असते त्या काचेच्या खोलीत शिरली आणि तिने जाड दार ओढून घेतलं. आत भिंतींना गाद्या मारलेल्या होत्या. तिथे बोललं की आवाज तोंडातून निघतो आणि पायाशीच पडतो.

"हां, आता बोल. …नाही, मी आत आले, गाण्याच्या खोलीत. बाकीचे बाहेर बसलेत, तुझ्या नावाने जप चाललाय. गिटारवाला, ड्रमवाला, आपली गाणारी पोरगी… पोरगी म्हटलं. पोर-गी. …हो, तीही आलीय. घसा बिघडू नये म्हणून सकाळपासून कोमट पाण्यावर आहे बिचारी. आणि बेसवाल्याचं तिसरं सँडविच चाललंय. तू निघतेयस ना?"

"…येत नाही म्हणजे?"

फोनवर होती ती तिची शाळेपासूनची मैत्रीण. बाकावर, डब्यावर, पुढच्या मुलीच्या पाठीवर, हात पोचेल तिथे ती ठेका धरायची, म्हणून वर्गाने तिला ठेकेदार म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव लग्नानंतर सासरीही गेलं. दोघी मिळून गाणी करायच्या. शब्द हिचे, चाल ठेकेदारची. कंट्री-पॉप म्हणतात तसली गाणी: एक गिटार, साधी सरळ चाल, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा. सोडून गेलेलं माणूस, फसलेलं प्रेम, टिकून राहिलेली मैत्री. लोक ती गाडीत लावायचे आणि सिग्नलला डोळे पुसायचे. गाणाऱ्या पोरीचे कार्यक्रम त्यांच्याच गाण्यांवर भरत होते. नव्या अल्बममधलं शेवटचं गाणं आज व्हायचं होतं, मैत्रीवरचं. शब्द तयार होते. चाल नेहमीप्रमाणे ठेकेदारच्या डोक्यात येणार होती आणि इथे आल्यावर सगळ्यांना शिकवली जाणार होती.

"ऐक ना. तब्येत बरी नाहीये का? …मग? …कंटाळा आला. कशाचा? …गाण्यांचा. बरं. …हो, हो, ऐकतेय मी, बोल. …काय म्हणालीस? पुन्हा म्हण. …रडके. माझे शब्द रडके झालेत. आणि हे तुला आज सुचलं, सगळे वाद्यं जुळवून बसल्यावर."

"…नाही, चिडले नाही. …चिडले नाही गं. …विकले? मी कशाला काय विकीन? चिडले. राग. राग नाही आला, असं म्हणतेय."

खरं म्हणजे राग आला होता, चांगलाच आला होता. गेले काही महिने ठेकेदारचं काही कळत नव्हतं. फोन उचलायची नाही, मेसेज करायची. मागच्या रेकॉर्डिंगला तिने गाणाऱ्या पोरीला "मोठ्याने, अजून मोठ्याने" करून रडकुंडीला आणलं होतं, आणि हळुवार गाण्याचं पार भांडण होऊन बसलं होतं. नाव झालं की माणसं अशी होतात, असं हिने तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं.

"बरं, शब्द नाही आवडले तर बदलू. मेसेजमध्ये वाचून काय कळणार आहे? थांब, म्हणून दाखवते. …थांब म्हटलं, ठेवू नकोस. ऐक."

तिने फोन तोंडाशी धरला, आणि ती ओळ जशी म्हणायला हवी तशी, अगदी जवळ बसलेल्या माणसाला सांगावी तशी म्हटली.

"तू नसताना दार उघडं ठेवते मी… वाराच येतो, त्यालाही बस म्हणते मी."

"…कसं वाटलं? …काय? बारा? बारा नाही गं, वारा. …बारा जण कशाला येतील घरात? वारा. वा-रा. हवा. …नाही, हवा असं नाही गाण्यात, मी तुला समजावून सांगतेय. …दार. दार उघडं ठेवते. …कार नाही. दरवाजा. दरवाजा उघडा आहे, त्यातून वारा आत येतो, आणि मी त्याला बसायला सांगते. …बसायला. खाली. खुर्चीत."

ती आता ओरडत होती. ही ओळ सापडायला तिला किती रात्री लागल्या होत्या, आणि आता ती बसच्या दारात उभ्या कंडक्टरसारखी ती ओळ तुकड्या-तुकड्याने ओरडत होती. वारा. दार. खुर्ची. ओरडल्यावर त्यात काही उरत नव्हतं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट अर्धवट उठून उभा राहिला होता. तिने त्याला हाताने बस म्हटलं.

"तुझा फोन बिघडलाय का? …नाही? मग माझ्याकडे येतोय की तुझा आवाज नीट. …मग काय झालंय? …अगं, बोल ना. …हॅलो? …हॅलो?"

"…कोण? बाळा, तू होय. हो, मावशीच. आईने फोन तुझ्याकडे का दिला? …रडतेय? कोण, आई रडतेय? …थांब, मग आतल्या खोलीत जाऊन सांग मला. …तिच्यासमोरच बोलतेयस? अगं, तिला ऐकू…"

ठेकेदारची लेक बोलत राहिली, आणि ही भिंतीला टेकली.

"…कधीपासून? …आणि मला आज सांगताय. …हो, तिनेच बजावलं असेल, ओळखत नाही का मी तिला. …डावा पूर्ण गेला? …आणि उजवा? …म्हणजे किती राहिलाय? …डॉक्टर काय म्हणतात? …दुसरे डॉक्टर? …ते पण तेच. बरं. …मशीन लावून बघितलं ना? …नुसता खडखडाट. बरं. …ऑपरेशन? …बरं. …बरं."

गाणाऱ्यांसाठी ठेवलेल्या उंच स्टुलावर ती बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"नाही, आहे मी. बोल. …शब्द कळत नाहीत पण आवाज येतो, म्हणजे कसं? …हां. …शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तसं. कोण बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. …आवाज वर गेला, खाली आला, हसला, तेवढं पोचतं. …माझंही तसंच पोचतं का? …हो. म्हणजे चाल तेवढी ऐकू येते आणि शब्द गळून जातात. तिला नेहमीच असं हवं होतं म्हणा, शब्द कमी कर म्हणून जीव खायची माझा. …नाही गं बाळा, हसत नाहीये मी."

"…गिटार? …सूर जुळवताच येत नाही? …तार चढली की उतरली ते कळत नाही. …कपाटावर टाकलीय."

"आणि आजच्या गाण्याची चाल? मला म्हणाली होती, झालीय म्हणून. …झाली होती? …तुला गाऊन दाखवली? मग? …बेसूर. …किती? …अगदीच. …तू काय म्हणालीस? …छान आहे म्हणालीस. बरोबर. …तुझं तोंड बघून ओळखलं तिने. …नाही, बाळा. तुझी काही चूक नाही. तोंड काय आपल्या हातात असतं? मीही छानच म्हटलं असतं, आणि मलाही तिने तसंच पकडलं असतं. …रडू नकोस. …बरं, रड."

दार किलकिलं झालं आणि गाणाऱ्या पोरीने मान आत घातली.

"थांब हं बाळा, इथे कोणीतरी… हां, काय गं? …हो, तिच्याशीच बोलतेय. …येत नाहीये. …बरं नाही तिला. …कोणी, गिटारवाल्याने? माझ्या शब्दांना चाल लावली? आत्ता, इथे बसल्या बसल्या? …चांगली आहे म्हणतेस. …नाही, मला नको ऐकवू आत्ता. …माहीत आहे, संध्याकाळी दुसरे लोक येणार, जागा रिकामी करायचीय. माहीत आहे मला. जरा थांब. एवढं बोलू दे."

दार लागलं. बाहेरचा आवाज सुरीने कापावा तसा तुटला.

"बाळा, आहेस? आईला एक विचार. तुम्ही घरात तिला समजेल असं कसं सांगता तसं सांग. गिटारवाल्याने चाल लावलीय, आजच्यापुरती ती घेऊ का? पण म्हणावं, तुझी हरकत असेल तर हे गाणंच करत नाही. जसंच्या तसं सांग."

ती थांबली. पलीकडे लेक आईच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सुटा सुटा करून सांगत होती, ते तिला अर्धवट ऐकू येत होतं.

"…हो म्हणाली? इतक्या लगेच? …मान हलवली. अगं, मान हलवली म्हणजे तिला कळलं असं नाही, पुन्हा विचार. …तोंडाने काही म्हणाली का? …'चाल काय, कोणीही लावेल.' …असंच म्हणाली? तिचे शब्द आहेत हे? …बरं."

तिने काचेकडे बघितलं आणि गिटारवाल्याला हाताने खूण केली: लाव. तो लगेच मान खाली घालून वाजवायला लागला. त्याची बोटं तारांवर फिरताना दिसत होती. आत काहीच येत नव्हतं. गाणाऱ्या पोरीचे ओठ हलायला लागले. ते हिचेच शब्द होते, दार होतं, वारा होता, पण कुठला शब्द कुठे चाललाय ते तिला ओठांवरून ओळखता येईना. तिने मान फिरवली.

"बाळा, एक सांग. येणार नाही एवढं मेसेज करून कळवता आलं असतं. तिने फोन का केला? …तिलाच करायचा होता? …का? …उजवा कान कधीही… हो. …डॉक्टर म्हणाले, कदाचित पुढच्या… हो. कळलं. …म्हणून माझा आवाज ऐकायचा होता. आणि मी तिच्यावर ओरडत बसले."

"…नाही, ऐकतेय. तिला काय हवंय? …मी नुसतं बोलू? काय बोलू? …काहीही. …शब्द काही असू देत म्हणते. बरं. दे तिला. …आणि फोन नीट उजव्या कानाला लावून दे, आणि मग तू जरा बाहेर जा, बाळा. जा. काही खा."

मग कार्यक्रम संपल्यावर दोघी गाडीत बसून लोकांची टिंगल करायच्या तेव्हा तिचा आवाज जसा असायचा, तसा तिने आठवून आठवून लावला. वर जाणारा, मधेच हसणारा.

"हां, मीच. …हो गं, मीच. ऐक, एक गंमत सांगते. आपल्या गाण्याला दुसऱ्याची चाल लागली. मी हो म्हटलं. मी अजून ऐकली नाही, आणि कधी कुठे लागली तर उठून जाईन तिथून."

"…हो ना. आणि पुढची गंमत ऐक. मला आता लिहिता येणार नाही. ओळ सुचायची ना मला, ती आधी तुझ्या गुणगुणण्यातून ऐकू यायची, मग मी कागदावर घ्यायचे. आत्ता इथे बसून करून बघितलं. काही येत नाही. तुला हे कधीच सांगितलं नसतं, म्हणून आज सांगतेय."

"…हसतेयस? हस, हस. …मला भीती वाटतेय, ठेकेदार. मी तुझ्यासमोर बसून तोंड हलवत राहणार, आणि माझं मन राखायला तू मान हलवत राहणार. तशा म्हाताऱ्या होणार आपण दोघी. …हो, अगदी. …तुझा कान गेला, आणि मला वाटतंय माझी जीभ गेली. कुणाशी बोलू मी आता? …हो ना. …हो ना गं."

पलीकडून ठेकेदारचं ते जुनं, नाकातून येणारं हसू ऐकू येत होतं. हिच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, पण आवाज तिने खाली येऊ दिला नाही.

"…काय? …काही कळलं नाही पण बरं वाटलं? …हो, मलाही. …मी मजेत वाटतेय? …आहेच मजेत. …उद्या? करीन की. …रोज करीन. …हो, तुला आवाज येतोय तोवर. …आता ठेव. …नाही, तू आधी. …बरं. बरं, मी ठेवते. …ठेवते हं."

तिने फोन बंद केला. काचेपलीकडच्यांना तिची पाठ दिसत होती आणि हसताना हलतात तसे खांदे. रेकॉर्डिस्टला वाटलं, तिकडे सगळं ठीक झालं असावं. त्याने पोरीला आत जायची खूण केली, आणि दारावरचा लाल दिवा लावला.