पाय खाली टाकण्याआधी

अध्यक्षस्थानी बसलेले मोठे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, ज्यांना आज निरोप द्यायचा त्या आपल्या सिस्टरबाई, आणि समोर पाय लोंबकळत सोडून बसलेल्या पेशंट मंडळींनो! आधी पाय वर घ्या. बाई निवृत्त झाल्यात, तुमच्या शिरा नाही झाल्या.

माझी शाळा दुसरीतच सुटली. डॉक्टरसाहेबांनी चित्र काढून समजावलं होतं, शिरांच्या झडपा सैल झाल्यात, रक्त खाली उतरतं, वर चढत नाही. मी मान डोलावली. कळलं काय? घोट्यावरची जखम भरली म्हणजे आजार गेला! साहेबांनी पायात घालायला दिलेला घट्ट मोजा काढला आणि कपाटात कोंबला. तीच जखम पुन्हा उघडली, तेव्हा ड्रेसिंग करता करता बाई म्हणाल्या, "आजी, वरून बुजलं, आतलं कुठे सुधारलं? हा मोजा आता जन्माचा सोबती."

"जन्माचा सोबती मागेच गेला माझा," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. "घरी मोजा चढवतं कोण?"

आता काय सांगणार? सकाळी पाय खाली टाकण्याआधी, सूज यायच्या आत चढवायचा तो. माझी कंबर वाकत नाही. लेक परगावी. फोनवर म्हणतो, "आई, मोजाच तर आहे, त्यात काय एवढं?" म्हटलं, "मग चढव की फोनवरून!"

तेव्हापासून बाई कामावर येता येता माझ्याकडे यायच्या. साहेब, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. आता रागावून उपयोग नाही. मी दिलेल्या किल्लीनं दार उघडायच्या, मोजा ओढायच्या, सुरकुती राहिली का बघायच्या, निघायच्या. अख्ख्या दिवसात माझ्या अंगाला माणसाचा हात लागायचा, तो तेवढाच.

उद्या बाई आपल्या लेकीच्या गावी निघाल्यात. आज मोजा चढवून झाल्यावर माझ्या घराची किल्ली त्यांनी उशाशी ठेवली.

"न्या ती," म्हटलं.

"आजी, मी आता कुठे येणार?"

"मग मी तरी कुणाला देऊ?"

बाई निघाल्या, किल्ली उशाशीच राहिली.

तर ही किल्ली मी या टेबलावर ठेवते. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतून सकाळी कुणी जात असेल, त्यानं न्यावी. कीव करणारं माणूस नको, मनगटात जोर असलेलं हवं. उद्या उजाडल्यावर मी थोडा वेळ वाट बघेन. मग तशीच, मोज्याविना उतरेन. चहा काही आपोआप होत नाही.

बाई, सुखी राहा. मंडळी, ऐकून घेतलंत, आभार. जीभ माझी तिखट; कुणाला झोंबलं असेल तर पोटात घाला.

किल्ली इथेच आहे.