तीन हिरव्या खुणा आणि अकराचं ऊन

...आणि वर मलाच म्हणतात, "ताई, तुमी लई काळजी करता बघा!" अहो, काळजी करू नको तर काय करू? दोन वर्षं नेदरलँड्समध्ये राहून मी शिकले काय, तर माणसं एकमेकांच्या मदतीनं काम कशी करतात आणि त्या कामाला संगणकाचा आधार कसा द्यायचा! पदवीचं नाव इतकं लांब, की शुक्रवार पेठेत आमचे बाबा ते सांगायला लागले की ऐकणारा चहा संपवून उठून जातो. पण मला वाटलं, याची खरी गरज आपल्या सोलापूरला आहे. आले परत! तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, मालक उदयसिंह, तिथे मी कामाला लागले. रंगखात्यात रुद्रप्पा, तीस वर्षं रंगाच्या टाकीवर उभा. त्याच्या कोपरापर्यंतच्या हातांवरून कळतं या आठवड्यात कुठली ऑर्डर चालू आहे. तपासणीला नागम्मा, मालकांनासुद्धा "सरका तिकडं, उजेड अडतोय" म्हणणारी. पॅकिंगला मोडनिंबचा कुंडलिक, गिऱ्हाइकांचे नमुने याच्या कपाटात. आता झालं काय, एका हॉस्पिटलची चार हजार टॉवेलांची ऑर्डर, रंग कोवळा पोपटी... आणि सगळा माल परत! का, तर रंग गडद. मालक म्हणाले, "पुन्हा करून देऊ. पण या वेळी परत आला तर रंगखातं बंद. रंगवायचं काम बाहेर देणार." रंगखातं बंद म्हणजे रुद्रप्पा आणि बरोबरची एकोणीस माणसं घरी! मी तिथल्या तिथे उठून उभी राहिले. म्हटलं, "साहेब, मला एक महिना द्या. ही माणसं एकमेकांशी नीट बोलली तर माल परत येणारच नाही!"

आणि जीव ओतून केली हो मी ती यंत्रणा. सोपी, मराठीत, मोठ्या अक्षरांत! रुद्रप्पानं टॅबवर सुताचा फोटो टाकायचा, कुंडलिकनं नमुन्याशी ताडून मत द्यायचं, नागम्मानं तपासून शेवटचं मत द्यायचं. तिघांच्या तीन हिरव्या खुणा पडल्या की मगच सूत मागावर! रुद्रप्पा अर्ध्या कानडीत म्हणाला, "येन री ताई, रंग काय बोटानं दाबून दिसतो काय?" नागम्मा म्हणाली, "हे खेळणं पाण्यात पडलं तर भरून कोण देणार?" कुंडलिक तेवढा म्हणाला, "व्हय ताई, करू की!" मला गहिवरून आलं. म्हटलं, एक तरी माणूस समजून घेतोय! वर मी नियमही लिहिला, मालकांची सही घेऊन भिंतीला चिकटवला : पासवर्ड ज्याचा त्यानंच वापरायचा, दुसऱ्याला दिला तर दोघं कामावरून कमी. जबाबदारी नको का ठरायला? माझं काय चुकलं?

पहिला आठवडा, सगळं हिरवं! दुसरा आठवडा, हिरवंगार! तिघांची सल्लामसलत सरासरी किती वेळात, माहितीये? चाळीस सेकंद! नेदरलँड्समध्ये लोकांना चार दिवस लागतात, तिथे आमचे लोक चाळीस सेकंदांत एकमत! मी मालकांना आलेख दाखवला, माझ्या प्राध्यापकांना पाठवला...

आणि मग एकदा टॅब पुसायला म्हणून उलटा केला. मागे टॉवेलचं लेबल चिकटवलेलं, त्यावर तिघांचे पासवर्ड. अक्षर कुंडलिकचं.

"कुंडलिक, हे काय?"

"ताई, रुद्रप्पाचं हात रंगात. नागम्माला चष्म्याबिगर अक्षर दिसत न्हाई, आन चष्मा घालायची तिला लाज. मग मीच मारतो सगळ्यांच्या खुणा, सकाळी आल्या आल्या. एकमेकाला मदत करा म्हणून तुमीच सांगितलं की!"

सांगितलं होतं हो! मीच सांगितलं होतं!

"अरे, मग रंग कोण बघतं?"

"ते व्हय? ते अकराला, माल परत आल्यापास्नं."

गेले अकराला. मागच्या अंगणात, रणरणत्या उन्हात, तिघं उभे. रुद्रप्पानं टाकीतून ओली लडी आणलेली. कुंडलिकच्या हातात हॉस्पिटलचा नमुना. नागम्मा त्या लडीतलं चिमूटभर सूत मुठीत धरते, फुंकर मारून वाळवते, नमुन्यावर ठेवते आणि सुरू! "काय बे रुद्रप्पा, डोळं घरी ठेवलं का?" "अल्ल री, उन्हाकडं तोंड करून बघ की!" "पोटात निळी झाक मारतोय, सांगून ठेवते!" पाऊण तास! आणि हो की नाही असं कुणी म्हणतच नाही. नागम्मानं लडी रुद्रप्पाच्या खांद्यावर फेकली की रंग नापास, स्वतःच्या कमरेला खोचली की पास. मागवाले माझ्या स्क्रीनकडे बघतच नाहीत, ते नागम्माच्या कमरेकडे बघतात! हॉस्पिटलची लडी तीन वेळा खांद्यावर गेली, चौथ्यांदा कमरेला. माझ्या यंत्रणेत ती कधीच पास झालेली, पहिल्याच सकाळी, आठ पाचला!

माल गेला. हॉस्पिटलनं ठेवून घेतला. रंगखातं वाचलं! आणि मालकांनी मला बोलावून काय म्हणावं? "शाब्बास! चाळीस सेकंदांत काम होतं तुमच्या यंत्रणेत. मग ते तिघं अकराला अंगणात पाऊण तास काय करायलेत? उद्यापासून ते बंद."

बंद! अहो, बंद केलं तर पुढचा माल परत, आणि माल परत आला तर रंगखातं... म्हटलं, "साहेब, खरं काम तेच आहे." "कुठं दिसतंय?" म्हणाले, आणि माझाच आलेख माझ्यापुढे सरकवला. खरं सांगावं तर पासवर्डचा माझाच नियम भिंतीवर. कुंडलिक, रुद्रप्पा, नागम्मा, तिघं घरी. न सांगावं तर सगळं रंगखातं घरी. माझं काय चुकलं हो, काय चुकलं?

शेवटी रात्रंदिवस एक करून यंत्रणेत नवा टप्पा घातला. 'अंगणातील एकत्र पाहणी, पंचेचाळीस मिनिटं.' स्क्रीनवर दिसल्याबरोबर मालक म्हणाले, "हां, प्रक्रियेत आहे होय? मग राहू दे." जिंकले म्हटलं! माणसांचं खरं काम शेवटी यंत्रणेत आलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला कामावर येते तर अंगणातली पाहणी झालेली. पंचेचाळीस मिनिटं, तिघं हजर, तीन हिरव्या खुणा. बाहेर बघते तर ढग, अंगणात चिटपाखरू नाही. धावत गेले. "कुंडलिक! अरे, हे तरी अकराला खरोखर उन्हात उभं राहून भरायचं होतं!"

"आमी जाणार की अकराला, ते कसं चुकंल? ते आमचं काम हाय. हे तुमचं हाय म्हणून आधी उरकून टाकलं."