हँडल उघडले, इंजिन सुरू झाले नाही

नाव : रोशनी सावळीराम भोये, वय २५ वर्षे, धंदा : नोकरी (कारखान्यात तपासणी विभाग), राहणार : अशोकनगर, सातपूर, नाशिक. मूळ गाव सुरगाणा तालुक्यात.

मी आज रोजी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी मैत्रीण अंजली हिच्यासोबत भाड्याने राहते. माझ्या नावावर काळ्या रंगाची मोटारसायकल आहे. ती मी माझ्या पगारातून घेतली असून मीच चालवते.

गाडीच्या दोन चाव्या होत्या. त्यांपैकी एक गावी भात लावताना चिखलात पडली, ती सापडली नाही. शोरूमला नवी मागितली असता, आरसी बुक, आधार कार्ड व शिल्लक चावी घेऊन या, नवी चावी मागवून गाडीशी जोडून द्यावी लागते, थांबावे लागेल, असे सांगण्यात आले. मला धीर नव्हता. म्हणून आज दुपारी सातपूर येथे रस्त्याकडेला बसणारे चावीवाले गोटीराम यांच्याकडून साधी डुप्लिकेट करून घेतली. त्यांनी तेव्हाच सांगितले होते, "ताई, हिनं हँडल उघडेल, टाकी उघडेल. पण तुमच्या गाडीला इमोबिलायझर आहे. जुन्या चावीत चिप आहे ना, ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू व्हायचं नाही." त्यावर मी चिपला नावे ठेवली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी सोमेश्वर धबधब्याजवळ गाडी लावली. जुनी चावी पर्समध्ये टाकली आणि नवी चालते का ते बघण्यासाठी तिने हँडल लॉक केले. चालली. तेवढ्यात माझे सहकारी मनोज झुंबर पगारे, राहणार नाशिक रोड, हे समोर आले. त्यांनी इस्त्री केलेला निळा शर्ट घातला होता. चावी गाडीलाच राहिली.

धबधब्याला पाणी भरपूर होते. तेथे मनोज यांनी मला एक प्रश्न विचारला. पाण्याच्या आवाजात ऐकू आला नाही असे मी म्हटल्याने त्यांना तो तीन वेळा विचारावा लागला. मला पहिल्याच वेळी ऐकू आला होता. उत्तराचा या तक्रारीशी संबंध नाही.

त्यानंतर मी गावी वडिलांना फोन लावला व आम्ही परत निघालो. चढावर एक अनोळखी इसम मोटारसायकल ढकलत होता. तो घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "दादा, जरा धक्का मारता का? सुरूच होईना." मनोज लगेच धावले. मी मागून बोलत चालले होते.

मनोज आपल्या समाजाचे नाहीत, बौद्ध आहेत, हे मी वडिलांना सांगितले.  मग त्यांनी विचारले, "आता काय करतोय त्यो?"

"कुणाची तरी बंद पडलेली गाडी ढकलतोय, आबा. ओळखीचा पण नाही तो माणूस."

"चढावर?"

"हो."

"मंग पोरगा बरा हाय. घिऊन ये घरी."

यानंतर मी किती चालले ते मला सांगता येणार नाही.

भानावर आले तेव्हा पुढच्या गाडीवर माझाच नंबर होता. मी ओरडले, "मनोज, ही माझी गाडी आहे!" मनोज म्हणाले, "हो का? छान आहे," आणि ढकलत राहिले. मी पुन्हा ओरडले, "अरे, तो चोर आहे!" तेव्हा ते थांबले. सदर इसम गाडी सोडून पळाला, परंतु ढकलून दमलेला असल्याने थोड्याच अंतरावर खाली बसला. मला म्हणाला, "ताई, भंगार गाडी आहे तुमची. केव्हाचा बटण मारतोय." मी जुनी चावी लावली. गाडी एका बटणात सुरू झाली. तो बघतच राहिला. भजीच्या गाडीवरील मंगलाबाई व तेथील लोकांनी त्याला धरून ठेवले. पोलीस आल्यावर त्याने आपले नाव राकेश असे सांगितले.

त्या वेळी मी सारखी हसत होते, असे मंगलाबाई यांनी सांगितले आहे, ते खरे आहे. गाडी परत मिळाल्यामुळे हसू येत होते.

गाडीचे नुकसान नाही. सदर इसमाविरुद्ध माझी कायदेशीर तक्रार आहे. मात्र त्याला पाणी व काहीतरी खायला द्यावे, ही विनंती. चढ बराच आहे.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मनोज पगारे यांच्याबाबत 'सहकारी' असे आले आहे, त्या जागी 'होणारे पती' असे लिहावे, असे मी सांगितले. साहेबांनी "नक्की ना?" असे विचारले. मी हो म्हणाले. बाहेर बाकावर बसलेले मनोज यांनीही आतमध्ये ऐकू येईल इतक्या मोठ्याने हो म्हटले. दुरुस्तीवर माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.