आवळीखालचं सूत

सूत होतं हो ते, नुसतं सूत! टकळीवर, माझ्या या दोन हातांनी काढलेलं, एका मुलीला द्यायला नेलेलं साधं पांढरं सूत... आणि आज डोंबिवलीत मी दूध आणायला बाहेर पडलो तरी कुणीतरी हात धरून म्हणतो, "वा गुरुदत्त, धर्म राखलास हो!" धर्म? मी? अहो, मी नदीकाठी उघड्या अंगानं उभा राहून, घसा फोडून सांगत होतो त्यांना! तुम्हाला सांगतो, मी मराठीतच बोलत होतो हो!

पण थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही मंदाकिनीआत्यासारखं अर्धं ऐकून पेढे मागाल.

मंदाकिनीआत्या म्हणजे माझी सख्खी आत्या. ठाण्याला राहते आणि लग्नं जुळवते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, हात शिवशिवतात म्हणून. तर ती आमच्याकडे आली आणि उंबऱ्यातूनच सुरू, "गुरू, स्थळ आणलंय! ठाण्याचे हरिहरपंत टेंबे, कचेरीत आहेत, घराणं कडक, मुलगी प्रमोदिनी, इंटर झालेली, रविवारी पोहे खायला यायचं!" मी म्हटलं, आत्या, जमणार नाही! देश स्वतंत्र झाला, घटना झाली, आणि आपण अजून मुलीला पाटावर बसवून 'चालून दाखव, गाऊन दाखव' म्हणायचं? ती काय वांगं आहे, दाबून बघायला? आत्या म्हणाली, "मग न बघताच करतोस?" मी म्हटलं, बघू, पण मोकळ्या आभाळाखाली! दोन्ही घरं मिळून कुठेतरी जाऊ, नदी असेल, झाड असेल, माणूस माणसाशी माणसासारखा बोलेल, आणि विकतचं काही नको, प्रत्येकानं आपल्या हातानं केलेली वस्तू दुसऱ्याला द्यायची...

आत्या डोळे बारीक करून ऐकत होती. मग टाळी वाजवली. "अगं बाई, म्हणजे आवळीभोजनच की! कार्तिक चालू आहे! टेंब्यांच्यात दरवर्षी असतं!"

म्हटलं, आवळीभोजन नव्हे गं, सहल!

"तेच ते."

तेच ते? कसं तेच ते? निसर्गात जाणं वेगळं आणि निसर्गाला हळदकुंकू लावून त्याच्याखाली पुरणाचा नैवेद्य दाखवणं वेगळं! मी हे सगळं समजावून सांगितलं, उदाहरणं दिली, आत्या मान डोलावत राहिली आणि जाताना आईला म्हणाली, "वहिनी, सोवळ्याचं पातेलं तुमच्याकडचं घ्या." मराठीतच बोलत होतो हो मी!

असो. मी सूत काढायला बसलो. टकळी मी कॉलेजात शिकलो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, पेपरावरून बघायचे आणि म्हणायचे, "काय रे, गोधडी शिवायची आहे का?" कारण सूत माझं मध्येच सुतळीसारखं जाड, मध्येच केसासारखं बारीक, मध्येच गाठ... पण माझं! दुकानातून एखादी अत्तराची कुपी आणणं कुणालाही जमतं. इथे माझा घाम होता. माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहायचं... ती लड हातात घेईल, बघेल, म्हणेल, "हे तुम्ही? माझ्यासाठी?" आणि मग पुढे जन्मभर आम्ही दोघं पडवीत बसून कातत राहू...

निघायच्या आदल्या दिवशी आई हळूच माझ्याजवळ आली. "गुरू, तिथे नदी आहे."

म्हटलं, आहेच. म्हणून तर आंबिवली निवडली, काळू नदीचा काठ काय सुंदर आहे!

"ते सुंदर राहू दे. सदरा काढू नकोस."

आता ही भानगड तुम्हाला सांगायला हवी. मी जानवं घालत नाही. कॉलेज सोडता सोडता काढलं आणि खुंटीला टांगलं. माणूस म्हणजे माणूस, काहींच्या खांद्यावर दोरा आणि काहींच्या नाही, हा भेद मला मान्य नाही. हे मी घरात मोठ्यानं सांगितलं, अण्णा म्हणाले, "बरं," आणि आईनं ते आत्यापासून लपवलं. मी म्हटलं, आई, मी चोरी केलेली नाही! ती म्हणाली, "नाही रे बाबा. पण सदरा काढू नकोस."

तर दोन्ही घरं मिळून आंबिवलीला उतरलो. काय सकाळ होती म्हणून सांगू! भात कापून झालेलं, खाचरांत पेंढ्यांच्या रांगा, ओल्या पेंढ्याचा वास, बगळे असे निवांत फिरत होते जणू सुट्टीवर आलेले मामलेदार! मी म्हणत होतो, अरे बघा, बघा! कोण बघतंय? आत्या विचारतेय, "मीठ कुणाकडे आहे?" अण्णा विचारतायत, "परतीची गाडी कितीची?" एकटी प्रमोदिनी मान वर करून बघत होती. फुलाफुलांचं पातळ, हातात चपला, बांधावरून अनवाणी. मला इतकं बरं वाटलं... पण लगेच शंका आली, की ही बगळे बघतेय की बगळे बघणारा मुलगा बघतेय? तिथपासून माझा जो गोंधळ सुरू झाला तो अजून चालू आहे.

आवळीचं झाड आलं, सतरंजी अंथरली, मी पिशवीतून सुताची लड काढली, घसा खाकरला, दोन वाक्यं पाठ केली होती मी, आणि तेवढ्यात आत्या...

"अगं बाई, सूत आणलंस? गुणाचा गं बाई माझा! आवळीला गुंडाळायचं सूत मी घरीच विसरले!"

म्हटलं, आत्या, ते मुलीसाठी आहे!

"मुलीसाठीच रे! आवळीला सूत गुंडाळलं की मुलीचंच भलं होतं!" आणि गेली की झाडाभोवती गरगर फिरत! उरलेली लड मी छातीशी धरतोय तर दुसरीकडून आई, "थोडं मला तोड रे, त्रिपुरी पौर्णिमा आलीच, वाती होतील." म्हटलं, आई, तू तरी? "अरे, दिव्याला लागलं म्हणजे सार्थकी लागलं!" मुलीला द्यायचं ते झाडाला, झाडाचं उरलं ते दिव्याला... मी मराठीतच बोलत होतो ना? तुम्हीच सांगा!

मग प्रमोदिनीची आई म्हणाली, "तुम्ही दोघं आवळे धुऊन आणा नदीवर." म्हणजे आम्हाला बोलू द्यायचं होतं. थोर बाई! गेलो. पाणी नितळ, तळचे गोटे दिसत होते. ती एका खडकावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि मला एक रुमाल दिला. पांढरा रुमाल, कोपऱ्यात भरलेला मोर. म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, हातानं केलेलं आणा."

अहो, माझं काय झालं म्हणून सांगू! मी सुटलोच! म्हटलं, प्रमोदिनीताई... ताई म्हणालो मी, बघा गोंधळ!... म्हटलं, या टाक्याटाक्यात तुमचं मन दिसतंय! यंत्राला हे जमेल? या मोराच्या डोळ्यात जो जिव्हाळा आहे...

ती म्हणाली, "तो आईचा आहे."

"काय?"

"जिव्हाळा. मोर आईनं भरलाय. मला साधं बटणसुद्धा लावता येत नाही. आई म्हणाली, मी केलाय म्हणून दे." आणि वर म्हणाली, "चिवडाही शेजारच्या काकूंचा आहे. मुलगी दाखवायची म्हटली की सगळी आळी राबते आणि नाव माझं लागतं."

मग मला हसू आलं, मग तिला आलं. तिनं एक आवळा माझ्या हातावर ठेवला, एक स्वतः चावला, तोंड असं काही केलं की काय सांगू, आणि दोघं ओंजळीनं नदीचं पाणी प्यायलो. गोड! आवळ्यावर पाणी गोड लागतं हे पोरासोरांना ठाऊक आहे, पण त्या दिवशीचं पाणी... जाऊ दे. तेव्हाच मला कळलं, हीच. या मुलीपाशी काही लपवायचं नाही. मी सगळं सांगून टाकलं, सूत तिच्यासाठी होतं, लोकांनी पळवलं, हे एवढंच उरलंय, आणि मी जानवं घालत नाही.

तिनं सूत बघितलं, गाठ बघितली, हसली नाही. विचारलं, "बाबांना सांगितलंत?"

"नाही."

"मग सांगा. मी रुमालाचं सांगितलं तसं. खोट्यावर उभं राहून मला लग्न करायचं नाही."

झालं! आता तुम्हीच सांगा, असं कुणी म्हटल्यावर माणूस मागे हटेल? मी तरातरा काठाकाठानं निघालो. तिकडे हरिहरपंत पंचा नेसून उभेच होते. उंच, धिप्पाड, आवाज देवळातल्या घंटेसारखा. "या गुरुदत्तराव! कार्तिकस्नान करू, संध्या उरकू, मग पान वाढून घेऊ!" आई लांबूनच ओरडली, "त्याला पडसं आहे हो!" आणि मी, अख्ख्या आंबिवलीसमोर, सदरा काढला!

आत्याच्या हातातली पळी वरणात पडली. अण्णांनी पेपर वर धरला. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या.

मी म्हटलं, "हरिहरपंत, मी जानवं घालत नाही."

"का?"

"पटत नाही म्हणून!"

"काय पटत नाही?"

इथे... इथे मी नुसतं म्हणायला हवं होतं, माणसामाणसांत भेद पटत नाही. चार शब्दांचं काम! पण वक्तृत्वाची सवय वाईट हो! मी लांबून सुरुवात केली, एक हात वर, दुसऱ्या हातात ती उरलेली लड, आणि म्हटलं, "ज्या धाग्यामागे आपले स्वतःचे कष्ट नाहीत, जो बाजारात दिडकीला मिळतो, तो धागा अंगावर मिरवून माणूस मोठा कसा होतो? माझं म्हणणं असं की..."

"बस!" हरिहरपंत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "बस, पुढे बोलू नका. बाजारचं जानवं पटत नाही, म्हणून स्वतः सूत कातताय!"

म्हटलं, नाही, नाही! हे सूत मी तुमच्या मुलीसाठी कातलंय!

ते बायकोकडे वळले. "ऐकलंस? आपल्या मुलीसाठी! मुलगी घरात आणायची तर अंगावर स्वतः कातलेलं जानवं हवं, तोवर उघडा राहीन म्हणतो!"

अहो, मराठीत! मी मराठीतच बोलत होतो!

मग काय विचारता? "सूत पुरेल का?" हरिहरपंतांनी विचारायचा अवकाश, आत्या उलट्या फेऱ्या घालून झाडाचं सूत सोडवायला लागली! आईनं वातींचं परत दिलं, वर म्हणते कशी, "मी म्हटलंच होतं सार्थकी लागेल!" हरिहरपंत वाळूत मांडी घालून बसले, चार बोटांवर वेढे घ्यायला लागले, पीळ देतायत, मंत्र म्हणतायत, मध्येच माझी गाठ आली की, "अहाहा, शुद्ध हाताचं काम!" तिकडे पानं वाढलेली, भात निवला, अण्णा भुकेनं आवळे खातायत...

मी प्रमोदिनीकडे बघितलं. म्हटलं, तुम्ही तरी सांगा ना!

ती पुढे आली. स्पष्ट म्हणाली, "बाबा, ते जानवं मानत नाहीत. त्यांना ते नकोच आहे."

हरिहरपंत प्रेमानं म्हणाले, "हो गं बाळ. तेच तर ते मघापासून सांगतायत."

म्हणजे मी तर मी, त्यांची स्वतःची मुलगी, इंटर झालेली, मराठीतच... जाऊ दे!

ती वळली. तोंडाला पदर. मीठ वाढायच्या निमित्तानं माझ्याजवळून गेली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. बाबांचं आपण बघू सावकाश."

आपण! तुम्ही ऐकलंत ना? आपण म्हणाली! आणि ते 'आपण' कानात असतानाच हरिहरपंत जानवं दोन्ही हातांत ताणून माझ्यासमोर उभे. म्हातारा आनंदानं नुसता फुलला होता हो. नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो, उघडलं होतं... आणि मान खाली गेली. तत्त्व मोडलं की म्हाताऱ्याचं मन राखलं? मी भित्रा की शहाणा? रोज रात्री एक उत्तर येतं, सकाळी दुसरं.

आणि एवढ्यावर संपतंय? पानसुपारी झाल्यावर हरिहरपंतांनी उरलेल्या सुताचं दुसरं जानवं स्वतः घातलं, आपलं जुनं उतरवून नदीत सोडलं आणि जाहीर केलं, "आजपासून मीही बाजारचं घालणार नाही. जावयाच्या हातचंच!" मग त्यांच्या भावांनी ऐकलं. मग साडवांनी. मग कचेरीतल्या लोकांनी. आता ठाण्याहून माझ्या नावानं जानव्यांच्या मागण्या येतात, आणि मी, भेदाभेद मोडायला निघालेला मी, रोज पहाटे टकळी घेऊन बसतो! अण्णा पेपरावरून बघतात.

लग्न ठरलं. मुलीनं मला खरं बोललो म्हणून पत्करलं, बापानं न बोललेल्यासाठी. दोघांचं एकाच नवऱ्यावर कसं भागायचं, मला माहीत नाही. मी एकाच आशेवर होतो, की प्रमोदिनी तिकडे बाजू लढवत असेल, हळूहळू बाबांना पटवत असेल. काल आत्या आली, "प्रमोदिनीनं तुला निरोप दिलाय हो." मी टकळी टाकून धावलो. म्हटलं, काय? काय म्हणाली? पटलं बाबांना?

"म्हणाली, सूत जरा बारीक काढा म्हणावं. बाबांना पाठीला टोचतं."