आण्णांनी दिलेलं लायसन

हात जोडा, मंडळी. डोळे मिटा, त्या सावळ्याला एकदा मनात बघून घ्या... बघितलं? आता उघडा! मिटल्या डोळ्यांनी आजची गोष्ट ऐकता यायची नाही. रस्त्यावरची गोष्ट आहे ही!

आधी एक विचारतो. लेकरू अडलंय. त्याला सोडवायची ताकद तुमच्या खिशात आहे. फक्त जरासं वाकडं करावं लागतंय. कुणाला कळणार नाही, कुणाचं बिघडणार नाही. कराल का नाही? बोला! ... बघा, पुरुष मंडळी सतरंजीकडं बघायला लागली! राहू द्या. उत्तर मनातच ठेवा आणि ऐका.

चिंचखोरं नावाचं गाव. घाट उतरल्याशिवाय कुठंच जाता येत नाही असलं. तिथं निवृत्ती झांबरे यांची पिठाची गिरणी. सगळे त्यांना आण्णा म्हणत. बायको पारूबाई आणि एकच लेक — अबोली. नाव अबोली, पण बोलायला लागली की गिरणीचा पट्टा ऐकू यायचा नाही!

ही अबोली जनावरांच्या औषधपाण्याचं शिकली. डेअरीत नोकरी ठरली. काम काय? वाड्यावस्त्यांवर जायचं, गाईम्हशींना लस टोचायची. अट एकच — मोटरसायकल स्वतःची, लायसन स्वतःचं, आणि एक तारखेच्या आत!

आण्णांनी जुनी गाडी घेतली. गावात मिरवली. पोरगी म्हणाली, "आण्णा, गाडी झाली. आता हेल्मेट, जाकीट, हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट."

"कितीला?"

तिनं आकडा सांगितला. आण्णा मटकन पोत्यावर बसले! "अगं, एवढ्यात दुभती शेळी येते! तुझ्या लग्नात चांदीचे तोडे घालायचे म्हणून ठेवलेत ते पैसे."

"तोडे नकोत. बूट द्या."

"नवरीच्या पायात बूट?"

तेव्हा पारूबाई आतून बाहेर आल्या. कधी मध्ये न बोलणारी बाई! म्हणाल्या, "पाय राहिले तर तोडे घालील ना? द्या पैसे."

मंडळी, घरात असं बोलणारं एक माणूस असावं. नसेल तर आज जाताना देवाकडं मागून घ्या.

सामान आलं. कच्चं लायसन निघालं. पोरगी सरळ रस्त्यावर झोकात चालवायला लागली. पण परीक्षा सरळ रस्त्यावर नसते हो! आरटीओ ऑफिसच्या मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढलेला. त्यावरून गाडी वळवायची, पाय खाली टेकायचा नाही. अबोली गेली, वळली... आणि टेकला पाय! परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मान हलवली. नापास. पुन्हा या!

पुन्हा कधी? तर एक तारीख उलटल्यावर!

पोरगी रडत घरी आली. आणि आण्णांच्या काळजाचं पाणी झालं. बाप आहे! वाईट माणूस असता तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती. उठले, टोपी घातली, त्या ऑफिससमोर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या गुलाबशेठ एजंटाकडं गेले. काय बोलणं झालं ते त्या झाडालाच ठाऊक. पण एक तारखेच्या आधी पोस्टमन दारात! पक्कं लायसन!

आण्णांनी पेढे आणले. पारूबाईंनी देवापुढं कार्ड ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. अबोली कार्ड हातात घेऊन उभी. तिचाच फोटो, तिचंच नाव. चेहरा मात्र पांढरा!

"आण्णा, मी तर नापास झाले होते."

"झालीस. पण कार्ड आलं ना?"

"आण्णा, कार्डाला गाडी चालवता येत नाही. मला यावी लागते."

आण्णांनी पेढ्याचा पुडा खाली आपटला. मग भडकले! "मी तुझ्यासाठी लोकांचे पाय धरायचे आणि तू मलाच शिकवणार? येते तुला गाडी! काढ बाहेर. मी मागं बसतो. घाट उतरून डेअरीपर्यंत जाऊन येऊ. बघतोच कशी येत नाही!"

अबोलीनं जाकीट चढवलं, हातमोजे, बूट, हेल्मेट. आण्णांनी काय घातलं? उपरणं! डोक्याला गुंडाळलं, बसले.

मृदंगबुवा, आता वाजवू नका. जरा थांबा.

भर दुपार. घाट सुरू झाला. पहिली वळणं बरी गेली. आण्णा मागून म्हणतायत, "बघ! येते का नाही?" पोरगी गप्प. अबोली गप्प — लक्षात घ्या! हातमोज्यांच्या आत हात घामानं चिंब. पुढं घोड्याच्या नालेसारखं वळण. रस्त्यावर बारीक खडी सांडलेली. डाव्या हाताला दरी आणि कठडा मधेच ढासळलेला. आणि खालून... हॉर्न! दुधाचा टँकर! सगळं वळण भरून वर येतोय!

काय करायचं असतं? वेग मोडायचा, क्लच धरायचा, मागचा ब्रेक हळू दाबायचा आणि पाय न टेकता वळायचं. म्हणजे काय? मैदानात जे जमलं नव्हतं, तेच!

अबोलीनं पुढचा ब्रेक करकचून दाबला. पाय टेकला. चाक खडीवर सर्रकन निसटलं. गाडी आडवी! पोरगी रस्त्यावर घसपटत गेली, हेल्मेट ठाणकन आपटलं. आणि आण्णा? आण्णा उडाले ते ढासळलेल्या कठड्याकडं! कमरेपासून खालचं अंग दरीत, छाती रस्त्यावर, बोटं खडीत. खडी सुटतेय... अंग सरकतंय...

अबोली रांगत गेली. जाकिटाचं कोपर फाटून आतला जाड गादीसारखा भाग बाहेर आलेला. तिनं बापाचं मनगट धरलं. टाचा दगडाला रोवल्या. "सोडू नका, आण्णा! वर बघा, माझ्याकडं बघा!" एकटीला ओढवेना. टँकरचा ड्रायव्हर उडी टाकून धावला, त्यानं काखेत हात घातले, आणि दोघांनी मिळून ओढून घेतलं.

वाचले! पण आण्णांच्या गुडघ्याचा चुरा.

भीतीचा राग झाला की माणूस ओरडतो. ड्रायव्हर ओरडला, "लायसन कुणी दिलं हिला? कुणी दिलं?"

पडलेल्या गाडीचं चाक नुसतं फिरतंय. आणि खडीत पडलेला तो बाप, पोरीकडं बघत, हळूच म्हणाला —

"मी दिलं."

...

मंडळी, त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जे गेलं, त्यात सगळ्या भावकीला हेल्मेटं आली असती. पण गोष्ट इथं संपत नाही. अबोली त्या ऑफिसात गेली. साहेबांच्या टेबलावर कार्ड ठेवलं. "साहेब, मला तुम्हीच नापास केलं होतं. मग हे कुठून आलं?"

साहेबांनी उठून दार लावलं. गोड आवाजात म्हणाले, "ताई, कार्ड खरं आहे, घेऊन जा. हे कागदावर आलं तर माझं जाऊ द्या, तुमचे वडील आधी अडकतील."

आता काय करील पोरगी? ज्या बापाला दरीतून ओढलं, त्यालाच खड्ड्यात ढकलायचं? तोच दार उघडलं. कुबड्यांवर आण्णा!

"अडकू द्या. लिहून घ्या, साहेब. पैसे मीच दिले."

लिहून घेतलं गेलं. मग सगळं छान झालं का? नाही हो! आण्णांच्या मागं कोर्टाच्या तारखा लागल्या. साहेबांची बदली झाली. गुलाबशेठनं टेबल उचललं आणि रस्त्याच्या पलीकडच्या झाडाखाली टाकलं! अबोलीचं कार्ड रद्द झालं. नोकरी दुसऱ्याला गेली. पारूबाई पदर तोंडाला लावून रडल्या.

पण रोज संध्याकाळी गिरणीमागच्या मैदानात आण्णा वाया गेलेल्या पिठानं आठचा आकडा काढायचे. खुर्ची टाकून, तो न वाकणारा पाय पुढं करून बसायचे. "टेकला! परत! ... टेकला! परत!" पोरगी वैतागायची, चिडायची, पुन्हा वळायची. शेवटी एके दिवशी पाय न टेकता वळली. त्या दिवशी आण्णा ओरडले नाहीत. डोळे पुसत बसले.

परीक्षा पुन्हा द्यायला मिळाली तेव्हा ती पास झाली. नोकरीही लागली, पण लांबच्या डेअरीत, पगार कमी. रोज तोच घाट उतरते.

आता माझा प्रश्न आठवतो का? नका देऊ उत्तर. माझं एवढंच म्हणणं — लेकराचं ओझं उचलावं, पण त्याचं शिकणं उचलून घेऊ नये. आण्णांनी प्रेम केलं, आणि त्या प्रेमानं दोघांना दरीच्या काठावर नेलं.

आणि तुम्ही? बाहेर मंदिराच्या भिंतीला किती गाड्या लावल्यात, येताना बघितल्या मी. हेल्मेट आरशाला अडकवलेलं! आरशाचं डोकं फुटणार आहे का? आज प्रसाद घेऊन मी वेशीपर्यंत येणार आहे. ज्याला नीट चालवता येत नाही, त्यानं गाडी ढकलत न्यायची. लाजू नका. मी मागून हात लावीन.

तो सावळा तुम्हाला घरी पोचवो. चला, आता वाजवा, बुवा!