संध्याकाळची हवा, सकाळी अकरालाच

मला सांगा, विश्वास ठेवायचा कोणावर, यंत्रावर की सुंदर अक्षरावर?

माझा भंगाराचा धंदा. पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत एका बंद पंपाची जमिनीतली पेट्रोलची टाकी मी विकत घेतली. ती उपटण्याआधी आतला गाळ काढायला आमचा मंजण्णा उतरणार होता. पेट्रोलच्या वाफेनं माणूस आतच कोसळतो, म्हणून दर तासाला मीटरनं हवा मोजून वहीत लिहायची असते. पुण्याहून आलेल्या सुपरवायझरनं ती वही मला कौतुकानं दाखवली. प्रत्येक तासापुढे सुंदर अक्षरात ‘हवा सुरक्षित’, थेट संध्याकाळी पाचपर्यंत. घड्याळात अकरा वाजले होते.

“अहो, पाचची हवा आत्ताच मोजलीत?”

“रोज तेच येतं, शेठ. नंतर घाई होते.”

“सरी, ठीक आहे. मग आज मंजण्णाच्या आधी तुम्ही उतरा.”

“एक मिनिट हं,” म्हणत तो गाडीकडे पळाला. मीटर अजून कोऱ्या पिशवीतच होता. दोरीनं आत सोडला, तर असा किंचाळला की मंजण्णानं शिडीवरचा पाय मागे घेतला.

सुपरवायझरनं अकरापुढचं ‘सुरक्षित’ खोडलं. बारा ते पाच मात्र तसंच ठेवलं!

तेव्हा मित्रांनो, हिशेब कसलाही असो, आधी मोजा, मगच लिहा.